जावयाचं वाण आणि डोहातली खडशी

माझी सवत नीरेच्या डोहात राहायची. तिच्या अंगावर तळहाताएवढे खवले होते, वरचा ओठ एका बाजूला फाटलेला होता, आणि माझ्या नवऱ्याच्या हातचं खायला ती रोज संध्याकाळी नेमानं वर यायची. मी लग्न होऊन भोरला आले तेव्हा त्या दोघांचं जुनं झालं होतं. तसं पाहिलं तर मागून आलेली मी, म्हणजे सवत मीच. पण तसं मी कधी पाहिलं नाही, आणि आता या वयात पाहणारही नाही.

आमचं घर बाजारपेठेतून नदीकडे उतरणाऱ्या बोळात होतं. पुढच्या खोलीत ह्यांचं शिवणयंत्र, मागे माझी चूल, मध्ये एक पडदा. घरात आम्ही दोघंच. हे शिंपीकाम करायचे. संस्थानच्या कचेरीतल्या मंडळींचे कोट, शेतकऱ्यांच्या बंड्या, लग्नसराईत चोळ्या. हात मोठा सफाईदार. पण दिवस कलला की यंत्रावर झाकण पडायचं, रेशमी दोऱ्याचं रीळ खिशात जायचं आणि हे डोहाची वाट धरायचे. गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते तिथं काळ्या खडकात तो डोह आहे. उन्हाळ्यात बाकीची नदी गुडघाभर होते, डोहाचा तळ मात्र दिसत नाही. तिथं गळ टाकणारे चार-पाच हौशी लोक बसायचे. प्रत्येकाचा दगड ठरलेला असायचा आणि दुसऱ्यानं त्यावर बसायचं नाही.

खडशी म्हणजे सोनेरी झाक असलेला मोठा मासा. शहरातली माणसं त्याला महाशीर म्हणतात. पुढे माझ्या धाकट्या मुलानं शाळेच्या पुस्तकात बघून सांगितलं, "आई, हा कार्पांच्या कुळातला." म्हटलं, कुळ असेल चांगलं, वागणं काय चांगलं होतं?

डोहावरच्या लोकांची एक रीत होती. आल्या आल्या पाण्यात गळ सोडायचा नाही. आधी आपल्या दगडासमोर महिना-महिना चारा टाकायचा, रोज त्याच वेळी, रोज तोच. माशाला सवय लागली, तो हक्कानं यायला लागला, की मग त्याच चाऱ्याच्या गोळीत गळ लपवायचा. आणि जो मासा ज्याच्या चाऱ्याला लागला तो त्याचा. दुसऱ्याच्या माशाकडे वाकड्या नजरेनं बघायचं नाही. परक्याच्या बायकोला जेवढं सांभाळावं तेवढं हे लोक परक्याच्या माशाला सांभाळत. स्वतःच्या बायकोचं काय, ते विचारू नका.

माझ्या लग्नाच्या आधी ह्यांनी खडशीला एकदा गळाला लावलं होतं. तिनं रेशमी दोरा तोडला, ओठ फाडून घेतला आणि गेली. पण दुसऱ्या दिवशी चारा टाकला तर पुन्हा हजर! त्या दिवसापासून हे तिच्यावर जे भुलले ते भुललेच. "ओठ फाटला, तरी माझ्याकडंच आली बघ," असं हे मला किती वेळा सांगायचे. मी भाकरी थापत ऐकायची. मीपण आईला, शेळ्यांना, हिर्डोशीच्या डोंगराला सोडून ह्यांच्याकडंच आले होते. ते कुणी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

दर वर्षी हे म्हणायचे, "यंदा न्हाई धरायची. आणखी भरू दे." म्हणजे धरायची नाही, खायची नाही, नुसती खाऊ घालायची. मासा आणून रांधायला सांगितला असता तर मी चार मसाले जास्त घातले असते. पण हे रिकाम्या हातानं यायचे, आणि चेहरा मात्र पोट भरल्यासारखा.

तो चारा मळायची कोण, तर मी.

सुरुवातीला साधी कणीक असायची, थोडा गूळ घालून. मग शेजारच्या दगडावरच्या वाण्यानं शेंगदाण्याची पेंड आणायला सुरुवात केली. त्याच्या दुकानात ती पोत्यानं पडलेली असायची. त्याच्याकडे मासे गर्दी करायला लागले तसे हे बेचैन झाले. "आपल्यात तूप घाल," म्हणाले. मी तूप घातलं. वाण्यानं पेंडीत तळलेली शेव चुरून घातली. ह्यांनी मला दाणे भाजून कुटायला लावले, मग बडीशेप, मग खोबरं. तिसऱ्या दगडावर एक म्हातारे पिंजारी बसायचे. कापूस पिंजून पिंजून वाकले होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते पडलेली उंबरं आणि ओल्या मातीतली गांडुळं यापलीकडे काही आणायचे नाहीत. त्यांच्याकडे चार बोटांएवढे मासे यायचे आणि ते दुसऱ्यांच्या दगडांकडे बघत विडी ओढायचे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होती, गहू मिळायची मारामार झाली होती. आम्ही दोघं नाचणीची भाकरी खायचो आणि घरात असेल नसेल तो गहू खडशीच्या तोंडी जायचा. तूप मी कण कण साठवायची. हे संध्याकाळी गोळा हातात घेऊन दाबून बघायचे, नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "आज तूप कमी पडलंय गं. काल तिनं थुकून टाकलं."

तिनं थुंकलेलं ह्यांना कळायचं! माझ्या आमटीत मीठ कमी आहे का जास्त, हे ह्यांना कधी कळलं नाही. एकदा मुद्दाम, अगदी ठरवून, मी आमटीत मिठाचा खडासुद्धा टाकला नाही. दोन वाट्या प्यायले, बोटं चाटली आणि उठले. मी पडद्याआड बसून ती अळणी आमटी खाल्ली आणि डोळ्यांतलं पाणी तिच्यात पडू दिलं. तेवढंच मीठ.

एका वर्षी उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. जेठ दोनदा होता. माझ्या लग्नानंतरचा तो पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला वाण द्यायचं. तेहतीस अनारसे, वर दिवा ठेवून, जावई विष्णूच्या ठिकाणी आहे असं मानून. ज्यांच्या घरी तांदूळ-तुपाला तोटा नाही त्यांच्यासाठी ठीक आहे. माझी आई हिर्डोशीला एकटी. वडील मी लहान असतानाच गेलेले. चार शेळ्या, एक म्हैस आणि डोंगराच्या अंगावर भाताचं एक खाचर, एवढा तिचा संसार. आमच्या वाडीत कुणी अनारसे केलेले मी बघितले नव्हते. सणाला नाचणीच्या पिठात गूळ घातला की आमचं गोडधोड झालं. मी तिला निरोप धाडला होता, "आई, नारळ दे, उगाच जिवाला त्रास नको." पण पहिला धोंडा आणि लेकीला सासरी खाली बघावं लागेल, हे तिच्या मनानं घेतलं.

ती गावातल्या भटजींच्या बायकोकडून शिकून आली. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, लुगड्यावर सावलीत वाळवले, कुटले, चाळले. म्हशीचं लोणी किती दिवस साठवत होती कुणास ठाऊक. गूळ-तुपात पीठ मुरत ठेवलं. पहिले अनारसे तुपात हसले, म्हणजे कढईत टाकल्या टाकल्या पसरून त्यांचा चुरा झाला. मग पुन्हा पीठ मळलं. हे सगळं तिनं मला आमच्या चुलीपाशी बसून सांगितलं. हिर्डोशीहून ती निम्मी वाट पायी आणि निम्मी कुणाच्या बैलगाडीतून आली होती, डोक्यावर डबा, डब्याला फडकं बांधलेलं. पाय सुजले होते.

हे डोहावर होते. दिवेलागणीला आले. आईनं ह्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तबकात अनारसे रचून वर दिवा ठेवला आणि तबक पुढे केलं. खसखशीचा खमंग वास खोलीभर झाला. ह्यांनी दोन्ही हातांनी तबक घेतलं, नमस्कार केला.

"एक खाऊन बघा की, जावईबापू," आई म्हणाली. "पैल्यांदाच केल्यात म्या. जमल्यात का न्हाई त्ये तुमीच सांगा."

"आत्ता न्हाई, जेवल्यावर बघतो," हे म्हणाले.

जेवल्यावर हे पडदा ओढून एक अडलेला कोट शिवायला बसले. पहाटे आईला परतायला बैलगाडी होती. ती गेली. जाताना बोळाच्या तोंडाशी मला म्हणाली, "त्यांनी खाल्लं की मला कळीव. कसं लागलं त्ये कळीव." मी हो म्हटलं.

डबा मी फळीवर ठेवला. त्याला मी हात लावला नाही, कारण वाण जावयाचं. लेकीनं त्यातलं आधी खायचं नाही, असं आईनंच बजावलं होतं. दिवसभर चुलीपाशी बसून वर बघत होते. इतकं तोंडाला पाणी सुटत होतं, की आईच्या हातचे अनारसे आणि एकही माझ्या जिभेवर नाही, ह्याचा मला वेडा राग येत होता. म्हटलं, ह्यांनी रात्री पहिला घेतला की एक आपणही मागू.

संध्याकाळी मी पाण्याला गेले होते. परत आले तर फळीवर डबा नव्हता.

हे आले ते हसत. इतकं हसणं मी लग्नातही बघितलं नव्हतं. "अगं, काय सांगू!" ह्यांनी रिकामा डबा माझ्या हातात दिला. "चुरून गोळ्या केल्या आन् टाकल्या. ती नुसती येडी झाली! पार माझ्या पायापाशी आली. वाण्याची पेंड तशीच पडली, एक मासा फिरकला न्हाई. चाचा विडी इझवून बघत बसले."

मी डबा बघत होते. तळाला खसखशीचे चार दाणे चिकटले होते.

"तुमी किती खाल्ले?"

"म्या? मला गोड कुठं आवडतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं असतं तर गल्ली जमा झाली असती. डबा घासायला घेतला तेव्हा ते चार दाणे बोटानं काढून मी तोंडात घातले. त्यांना नुसता डब्याचा वास येत होता. आईला निरोप धाडला, "त्यांना लई आवडले." दुसरं काय कळवणार? मासा जावई झाला म्हणून कळवू?

पुढचे काही दिवस हे हवेत होते. अनारसे संपले तर अनारशासारखं काहीतरी करून दे म्हणाले, म्हणून मी तांदळाच्या पिठात गूळ-तूप घालून गोळे वळत होते. वाण्यानं चिडून चाऱ्यात तेल वाढवलं. ऊन मी म्हणत होतं, नदी आटत आली होती, डोहाचं पाणी हलत नव्हतं. आणि एका संध्याकाळी हे लवकर घरी आले, चेहरा पांढराफटक.

"ती आडवी झालीया."

"कोण?"

"कोण म्हंजे? खडशी! काठाशी येऊन पडती, तोंड उघडती आन् मिटती. पोट ह्ये असं फुगलंय." ह्यांनी दोन्ही हातांनी पोट दाखवलं. "वाण्याचे दोन मासे मेले. तो म्हणतो तुझ्या तुपानं मेले, मी म्हणतो त्याच्या कुबट पेंडीनं. पण तिला दृष्ट लागलीया, मला म्हायती हाय. त्या दिवशी सगळे बघत व्हते. तू मीठ-मोहऱ्या घे आन् चल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागच्या पावसाळ्यात मी आठवडाभर तापानं फणफणले होते, तेव्हा ह्या माणसानं मला "सुंठ घे" एवढंच सांगितलं होतं. आणि आता माशाची दृष्ट काढायला मी निघायचं! पण गेले. खोटं कशाला सांगू, तिला आडवी झालेली बघायला गेले. मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन मी बोळातून उतरले तेव्हा घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसत होत्या. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते.

डोहावर मी त्याआधी कधी गेले नव्हते. गळ टाकणारे सगळे उभे होते, मयताला आल्यासारखे. ह्यांच्या दगडापाशी पाण्यात ती होती. मी मनात काय काय रंगवलं होतं, जलपरी म्हणा, राणी म्हणा. आणि समोर एक म्हातारी, एका कुशीवर कललेली, फाटक्या ओठाची, डोळा वटारून श्वास ओढत होती. पोट टम्म. आणि पाण्याला वास. मी वाकून हात घातला तर वर तुपाचा तवंग होता, आणि तळाच्या दगडांवर न खाल्लेल्या पिठाचा बुळबुळीत थर, आंबलेला.

मी शेळ्यांत वाढलेली. शेळीनं खळ्यात शिरून जोंधळ्यावर ताव मारला की ती दुसऱ्या दिवशी अशीच पडते. पोट असंच फुगतं, मान अशीच टाकते. ज्या पोटाला पाला-काटक्यांची सवय, त्याला दाणा आणि तूप सोसत नाही. ह्या बयेनं आयुष्यभर दगडावरचं शेवाळ आणि पडलेली उंबरं खाल्लेली, आणि ह्या लोकांनी तिच्यापुढे रोज लग्नाची पंगत मांडलेली.

मीठ-मोहऱ्या मी पदराला पुसून टाकल्या.

"हिला दृष्ट-बिष्ट काय न्हाई लागली," मी म्हणाले. "हिला खाणं बाधलंय. उपास घाला हिला. कणीक न्हाई, पेंड न्हाई, कुणी कायबी टाकायचं न्हाई. आन् तळाचं ह्ये आंबलेलं सगळं बाहेर काढा."

"उपास?" हे ओरडलेच. "आधीच ती मरायला टेकलीया, आन् तिला उपाशी ठेवू? मला ठावं हाय, तू तिच्यावर जळतीस!"

सगळ्यांसमोर बोलले. वाणी खाली बघून हसला.

"व्हय, जळते," मी म्हणाले. "लई जळते. माझ्या आईचे अनारसे हिनं खाल्ले, मी न्हाई खाल्ले. पण हिचं पोट शेळीसारखंच फुगलंय, आन् शेळ्या मला कळत्यात. ऐकायचं तर ऐका, न्हाई तर घाला तूप आन् उद्या उचला."

चाचा पुढे आले. "बेटी बरोबर बोलती," म्हणाले. "उंबराशिवाय काय नगं म्हणून मी कवापास्नं सांगतोय." त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या उंबरांकडे कुणी बघत नाही ह्याचा त्यांचा जळफळाट होता, तो त्या दिवशी फळाला आला. पण दोघं जळणारे एका बाजूला झाल्यावर बाकीच्यांचं काही चाललं नाही. ठरलं, की पाऊस पडून नदी वाहती होईपर्यंत डोहात कुणी काही टाकायचं नाही.

मग ह्यांनी धोतर खोचलं आणि घमेलं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले. अंधार पडेपर्यंत तळ खरवडत होते, आंबलेलं पीठ घमेल्यानं काठावर आणून टाकत होते. ज्या माणसानं घरात स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं, त्याला मी तिचं अंगण सारवताना बघत होते. तिच्या अंगाला हात लागला की हळूच बाजूला सरकायचे. माझा जीव पुन्हा जळाला, पहिल्यापेक्षा जास्त.

पण त्या उपासाचं एक झालं. ह्यांच्याकडे संध्याकाळी न्यायला काही उरलं नाही. हे डोहावर जाऊन बघून लगेच परत यायचे आणि घरात बसायचे. पडद्याच्या ह्या बाजूला, चुलीपाशी. मग हे विचारायला लागले, शेळीचं पोट फुगल्यावर काय देतात, हिर्डोशीला उंबरं किती, तुमच्याकडच्या ओढ्यात मासे कुठले. आणि एक दिवस जेवताना हे थांबले, भुरका मारला, पुन्हा मारला आणि म्हणाले, "आज मीठ जरा कमी पडलंय का गं?"

मी उठून मिठाचं मडकं आणायला गेले आणि पाठमोरी तिथंच उभी राहिले. त्या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं स्वयंपाक केला होता.

खडशी जगली. आधी पोट उतरलं, मग ती सरळ झाली, मग दगडावरचं शेवाळ खरवडताना दिसायला लागली. उंबराखाली फळ पडलं की वर यायची आणि तेवढंच खाऊन खाली जायची. डोह निवळला. वाण्यानं पेंडीचं पोतं गोठ्याला विकलं. हे येऊन सांगायचे, "तुझ्या औषधानं वाचली," आणि माझ्याकडे असं बघायचे, की मला तिचा राग करायचा की उपकार मानायचे ते कळेना. मी राग करायचं ठरवलं. ते मला सरावाचं होतं.

पुढे नदीला पाणी आलं. पूर आला की खडशी अंडी घालायला वर चढते, पार उगमाकडे, खडकाळ ओढ्यांपर्यंत, आणि पाणी ओसरलं की डोहात परतते. ह्यांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "गेली वर. आता हिर्डोशीला जाईल, तुझ्या म्हायेराला."

त्याच पावसाळ्यात आई तापानं पडली. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा वाटेतले सगळे ओढे भरून वाहत होते. गाडी जाईना, माणूस जाईना. हे दोनदा मला घेऊन निघाले आणि दोनदा गुडघाभर चिखलातून परत घेऊन आले. दुसऱ्या वेळी ओढ्याच्या ह्या काठावर उभी राहून मी त्या गढूळ पाण्याकडे बघत होते. ती बया त्याच पाण्यातून वर गेली होती. जिला कुणी बोलावलं नव्हतं ती माझ्या आईच्या दारापर्यंत पोहोचली असेल, आणि मी इथं पदर खोचून उभी. श्रावणात आई गेली. मी पोहोचले तेव्हा चूल विझून दिवस झाले होते आणि शेळ्या शेजारच्यांकडे होत्या. फळीवर तिनं अनारशाचं थोडं पीठ राखून ठेवलं होतं, त्याला बुरशी आली होती.

शेजारीण मला म्हणाली, "सारखी सांगायची, जावयाला माजे अनारसे लई आवडले." मी मान हलवली.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. तेव्हा माझी मोठी मुलगी रांगत होती. वाण द्यायला कुणी नव्हतं. मी स्वतःच तांदूळ भिजवले. कुणाला विचारायचं नव्हतं, आईनं चुलीपाशी बसून सांगितलं होतं तेवढंच डोक्यात होतं. पहिले अनारसे हसले, दुसरेही हसले. तुपात नुसता चुरा तरंगत होता. मी तो झाऱ्यानं काढला आणि तबकात घालून ह्यांच्यापुढे ठेवला.

हे दिवसभर यंत्रावर होते, डोहावर गेले नव्हते. ह्यांनी तबक मांडीवर घेतलं आणि तो चुरा खायला लागले. ज्यांना गोड आवडत नव्हतं त्या माणसानं मूठ मूठ करून सगळा खाल्ला, तबकाला चिकटलेली खसखससुद्धा बोटानं टिपली. बाजूला काही काढून ठेवलं नाही. मग हळूच म्हणाले, "आईंचे कसे लागत असतील गं? असेच?"

"मला काय इचारता?" मी म्हणाले. "माझ्या तोंडी एकबी लागला न्हाई. तुमच्याबी न्हाई. ती दगडापाशी असंल, जावा, तिला इचारा."

हे खरंच उठले. चपला घातल्या आणि रिकाम्या हातानं बोळातून खाली गेले. मी दारात उभी राहून बघत होते. आले तेव्हा धोतर पोटऱ्यांपर्यंत भिजलं होतं.

"आली व्हती," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे बघायचं टाळून मुलीला उचलून घेतलं.

हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खडशी किती वर्षं जगते मला माहीत नाही, पण नदीवरून जाताना मी अजून त्या डोहाकडे बघते. माझ्या आईनं आयुष्यात एकदाच अनारसे केले. ते कसे झाले होते, हे माझ्या त्या सवतीला एकटीला माहीत आहे.